ज्युदोचा निकाल वाचताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जागतिक ज्युदो स्पर्धेच्या निकालात प्रत्येक वजनगटात तिसऱ्या क्रमांकावर दोन नावं, पाचव्यावर दोन, सातव्यावर दोन. चौथा, सहावा, आठवा कुणीच नाही. ही छपाईची चूक समजायची का?

उत्तर : चूक नाही. ड्रॉचे, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्या आराखड्याचे, अ, ब, क, ड असे चार भाग असतात आणि प्रत्येक भागातून एक जण उपांत्य फेरीत जातो. उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या चौघांना रेपेचेजमध्ये आणखी एक संधी मिळते. तिथे अ भागातला पराभूत ब भागातल्या पराभूताशी खेळतो, क भागातला ड भागातल्याशी. जे दोघं हरतात ते सातवे. जे जिंकतात ते कांस्यपदकाच्या लढतीत उतरतात आणि त्यांच्यासमोर ड्रॉच्या दुसऱ्या अर्ध्या बाजूचा, उपांत्य फेरीत हरलेला खेळाडू असतो. अशा दोन लढती होतात, म्हणून कांस्यपदकं दोन आणि पाचवेही दोन. पाचवा आलेला खेळाडू पदकापासून एका लढतीवर होता, हे निकाल वाचताना लक्षात ठेवा. बातम्यांमध्ये त्याचं नावही येत नाही, हे आम्हाला खटकतं.

प्रश्न : पॅरिस 2024 ऑलिंपिकमध्ये 52 किलो गटात जपानची उता आबे, टोकियोची सुवर्णविजेती, दुसऱ्याच लढतीत हरली. तिला हरवणारी उझबेकिस्तानची दियोरा केल्दियोरोवा पुढे सुवर्ण जिंकली. मग आबेला कांस्यपदकासाठी खेळायला का मिळालं नाही?

उत्तर : बऱ्याच जणांचा इथेच गोंधळ होतो. कुस्तीत अंतिम फेरीत पोहोचलेल्या मल्लाकडून आधी हरलेल्यांना रेपेचेज मिळतं. ज्युदोत तसं नाही. इथे किमान उपांत्यपूर्व फेरी गाठावी लागते. त्याआधी हरलात की स्पर्धा संपली, मग समोरचा पुढे विजेता ठरला तरी. आबे उपउपांत्यपूर्व फेरीत हरली. वाझारीने (अर्ध्या गुणाने) आघाडीवर असताना तिच्यावर इप्पॉन (लढत संपवणारा पूर्ण गुण) बसला.

एवढ्या तगड्या दोघी इतक्या लवकर समोरासमोर कशा आल्या, तर त्याचं उत्तर मानांकनात आहे. जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या आठ जणांना मानांकन मिळतं आणि ते उपांत्यपूर्व फेरीआधी एकमेकांना भेटत नाहीत. आबेचं नाव त्या आठांत नव्हतं. क्रमवारीचे गुण स्पर्धा खेळूनच मिळतात : जागतिक विजेतेपदाला 2000, ग्रँड स्लॅमला 1000, ग्रँड प्रीला 700. कमी स्पर्धा खेळणारा खेळाडू कितीही मोठा असला तरी त्याला कठीण ड्रॉ येऊ शकतो. म्हणून निकालाआधी ड्रॉ पाहावा.

प्रश्न : अलीकडच्या निकालांत 'युको' दिसतो. मधल्या काही वर्षांच्या निकालांत तो नाही. असं का?

उत्तर : 2017 मध्ये तो काढला होता, 2025 पासून परत आला. आता गुणांच्या तीन पायऱ्या आहेत. जोर, वेग आणि नियंत्रण ठेवून प्रतिस्पर्ध्याला पाठीवर टाकलं की इप्पॉन, लढत तिथेच संपते. यातलं काही कमी पडलं तर वाझारी, आणि दोन वाझारी म्हणजे इप्पॉन. त्याहून कमी असेल तर युको. युको कितीही झाले तरी त्यांचा वाझारी होत नाही. एका वाझारीपुढे चार युको हरतात.

जमिनीवर दाबून धरलं तर सेकंद मोजतात : 5 ला युको, 10 ला वाझारी, 20 ला इप्पॉन. ज्याच्याकडे आधीच एक वाझारी आहे त्याला 10 सेकंद पुरतात. खालच्याने वरच्याचा पाय आपल्या दोन पायांत अडकवला की पंच 'टोकेता' (पकड सुटली) म्हणतात आणि मोजणी थांबते. म्हणून अनुभवी खेळाडू पकड घट्ट करण्याआधी पाय सोडवून घेतो. घाईत आधी छाती टेकवणाऱ्याचा पाय अडकतो आणि हातचा गुण जातो. लढतीचं घड्याळ शून्यावर आलं आणि पकड चालू असली, तर ती सुटेपर्यंत किंवा 20 सेकंद भरेपर्यंत लढत थांबत नाही.

प्रश्न : लढतीच्या चार मिनिटांत एकाला दोन शिदो (किरकोळ नियमभंगाचे दंड) होते, दुसऱ्याला एकही नव्हता. तरी विजेता जाहीर झाला नाही. का?

उत्तर : शिदोंच्या फरकावर आता निकाल लागत नाही. गुण बरोबरीत असतील तर गोल्डन स्कोअर, म्हणजे जादा वेळ, त्याला वेळेची मर्यादा नाही. पहिला गुण घेणारा जिंकतो. पण आधीचे शिदो पुसले जात नाहीत. दोन शिदो घेऊन आलेला तिसऱ्याला हानसोकु-माके (अपात्र) होऊन हरतो. त्यामुळे तो घाईने, अर्धवट हल्ले करू लागतो आणि नेमका त्यातच उलटा फेकला जातो. तीन शिदोंनी हरलेल्याला रेपेचेज खेळता येतं. खेळाच्या मूल्यांविरुद्ध वागल्याबद्दल थेट हानसोकु-माके मिळाला तर मात्र तो स्पर्धेबाहेर जातो.

प्रश्न : 73 किलो गटातला खेळाडू लढतीच्या दिवशी 76 किलोचा असू शकतो का?

उत्तर : हो. अधिकृत वजन आदल्या दिवशी होतं. लढतीच्या सकाळी चिठ्ठीने निवडलेल्या काही जणांचं वजन पुन्हा घेतात. तेव्हा ज्युदोगीशिवाय (ज्युदोच्या पोशाखाशिवाय) गटाच्या मर्यादेपेक्षा 5 टक्क्यांपर्यंत जास्त चालतं. 60 च्या गटाला 63, 100 च्या गटाला 105. त्यावर गेला की तो बाद.

प्रश्न : दोहाच्या 2023 च्या जागतिक स्पर्धेत 100 किलोवरील गटात दोन सुवर्णपदकं कशी?

उत्तर : अंतिम लढत फ्रान्सचा टेडी रिनेर आणि तटस्थ खेळाडू म्हणून उतरलेला इनाल तासोएव यांच्यात होती. ती गोल्डन स्कोअरपर्यंत गेली आणि रिनेरला विजयी ठरवलं. नंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने फेरतपासणी केली आणि तासोएवच्या प्रतिहल्ल्याला गुण द्यायला हवा होता हे मान्य केलं. रिनेरचं पदक कायम ठेवून तासोएवलाही सुवर्ण दिलं. दोघांनाही न्याय देणारा हा निर्णय आम्हाला योग्य वाटतो.

प्रश्न : पॅरिसच्या मिश्र सांघिक अंतिम सामन्यात फ्रान्स आणि जपान 3-3 बरोबरीत असताना रिनेर पुन्हा कसा आला?

उत्तर : संघात तीन महिला (57, 70, 70 वरील) आणि तीन पुरुष (73, 90, 90 वरील) असतात. चार विजय आधी मिळवणारा संघ जिंकतो. 3-3 झालं की सहा गटांतून एक गट चिठ्ठीने निघतो आणि तेच दोघं पुन्हा उतरतात, थेट गोल्डन स्कोअरमध्ये. त्या दिवशी 90 किलोवरील गट निघाला. रिनेरने तात्सुरु साइतोला त्याच सामन्यात आधीही हरवलं होतं, पुन्हा हरवलं. फ्रान्स 4-3.