ड्रायरचा पाइप आणि कबुतरांची जाळी

प्रश्न : आम्ही खारघरला अकराव्या मजल्यावर राहतो. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनने जागा अडवल्यामुळे ड्रायर पॅसेजमध्ये ठेवलाय. सोसायटी दर्शनी भिंतीला भोक पाडू देत नाही. म्हणून इंटिरियरवाल्याने चार इंची अ‍ॅल्युमिनियमचा घडीचा पाइप फॉल्स सीलिंगवरून 22 फूट नेऊन टॉयलेटच्या खिडकीतून बिल्डिंगच्या डक्टमध्ये सोडला. वाटेत तीन वळणं. कबुतरं शिरू नयेत म्हणून तोंडाला जाळी. गेल्या पावसाळ्यात चादरी तासाभरात वाळायच्या, यंदा दोन तासांनीही दमट. सर्व्हिसवाला थर्मल फ्यूज बदलून गेला. आता सीलिंगवर पिवळट डागही आलाय. मशीन बदलावं का?

– एक वाचक, खारघर

उत्तर : मशीन बिचारं ठीक असावं. खात्री करायची तर मागचा पाइप सोडवा, घराच्या खिडक्या उघडा आणि एक खेप चालवून बघा. चादरी पूर्वीसारख्या वाळल्या, तर दोष पाइपचा. हवा तुंबली की मशीन आतल्या आत तापतं आणि थर्मल फ्यूज उडतो. नुसता फ्यूज बदलून काय होणार?

अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत अशा पाइपला 35 फुटांची मर्यादा आहे आणि प्रत्येक काटकोनी वळणामागे 5 फूट वजा होतात. तुमची तीन वळणं धरली तर हाती उरतात 20 फूट. हा हिशेबही आतून गुळगुळीत अशा पत्र्याच्या पाइपचा. घडीचा पाइप तिथे फक्त मशीनपासून भिंतीपर्यंत, 8 फुटांच्या आत आणि उघड्यावर चालतो. सीलिंगमध्ये कोंडून नाही. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत याहून कमी आकडा असेल तर तोच धरा.

आता जाळी. कबुतरांचा वैताग मला ठाऊक आहे, पण ड्रायरच्या हवेबरोबर कपड्यांचा तूस येतो. जाळीवर त्याचा नमद्यासारखा थर बसतो आणि तोंड बंद होतं. जाळीऐवजी हवेने उघडणारी आणि मशीन थांबलं की आपोआप पडणारी झडप लावा. अकराव्या मजल्यावरून स्वतः हात बाहेर काढू नका, माणूस बोलवा.

डाग बहुधा पाइपातल्याच पाण्याचा. एसीने गार झालेल्या सीलिंगवरून गरम, दमट हवा गेली की पाइपात पाणी सुटतं, झोळ पडलेल्या जागी साचतं आणि त्यात तूस चिकटतो.

शक्य असेल तर वॉशिंग मशीनवर स्टँड लावून ड्रायर ड्राय बाल्कनीत न्या. पाइप हातभर पुरेल. तिथून हवा बाहेर काढायला सोसायटीची लेखी परवानगी मागा. नाही म्हणायला त्यांना फारसं कारण उरत नाही. सध्या तर तुमचा तूस शेजाऱ्यांच्या टॉयलेटच्या खिडक्यांत जातोय. सीलिंगमधूनच न्यायचं असेल तर पत्र्याचा पाइप घ्या, उतार बाहेरच्या बाजूला ठेवा, सांधे फॉइल टेपने बंद करा. स्क्रू नकोत, त्यांच्या टोकांना तूस अडकतो. वळणंही कमी करावी लागतील. यातलं काहीच जमत नसेल तर हीट पंपचा ड्रायर घ्या. त्याला बाहेर पाइप लागत नाही, पाणी टाकीत जमतं. महाग पडतो, पण वीज बरीच कमी खातो.

तोवर हा ड्रायर लावून झोपू नका, बाहेरही जाऊ नका. साचलेला तूस पेट घेतो.