प्रश्न तुमचे, कॅमेरा तुमचा : दमट हवा, कढीपत्त्यावरची अळी आणि जळणारा बगळा

ताडोबाला कधी जावं, कुठली मोठी लेन्स घ्यावी, असे प्रश्न या वेळी बाजूला ठेवले आहेत. घरात, गॅलरीत आणि गावाच्या कडेला फोटो काढणाऱ्यांची पत्रं घेतली आहेत.

चिपळूणला राहतो. गेल्या पावसाळ्यात एका लेन्सच्या आत जाळीसारखे बारीक धागे दिसू लागले. ते जातील का? बाकीच्या लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवल्या तर वाचतील का?

तांदूळ नको. तो ओलावा फारसा ओढत नाही, त्याचं पीठ मात्र झूमच्या फटीत जाऊन बसतं.

धागे बुरशीचेच आहेत. आतल्या काचेवर असल्यामुळे बाहेरून पुसून जाणार नाहीत. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) पूर्ण उघडा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च टाका आणि पुढून पाहा. कडेला दोन-चार धागे असतील तर फोटोत काही कळणार नाही. तरीही लेन्स लवकर उघडून साफ करून घ्या, कारण बुरशीतून पाझरणारं आम्ल काचेवरचं कोटिंग खातं. कोटिंग गेलं की बुरशी पुसल्यावरही तिथे धूसर नक्षी राहते आणि उजेडाकडे तोंड करून काढलेले फोटो पांढुरके, फिके येतात. कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी किट लेन्स असेल तर आधी खर्च विचारा. बऱ्याचदा तीच लेन्स वापरलेली विकत घेणं स्वस्त पडतं.

लेन्स उन्हात ठेवण्याचा सल्ला हमखास मिळतो. उन्हाने बुरशीची वाढ थांबली तरी मेलेली बुरशी काचेवरच राहते. शिवाय टोपण काढून उन्हात ठेवलेली लेन्स म्हणजे भिंगच, तिच्याखालचं कापड जळू शकतं.

बाकीच्या लेन्ससाठी झाकणाला रबरी कडा असलेला १० लिटरचा हवाबंद डबा, पाव किलो सिलिका जेल आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक एवढं पुरे. डब्यातली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ६०-६५ च्या वर ती सतत राहिली की बुरशी धरते. फार कोरडं करण्यातही शहाणपण नाही, रबर आणि वंगणाला ते मानवत नाही.

स्वस्त मापकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून त्याचा घट्ट लगदा करा. मीठ विरघळून जाता कामा नये. हे झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत घालून रात्रभर ठेवा. मिठाच्या या लगद्यावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ८० दाखवत असेल तर तो ५ ने पुढे आहे, तेवढे नेहमी वजा करायचे.

सिलिका जेल निळं असेल तर ओलावा पिऊन गुलाबी होतं, नारिंगी असेल तर बहुतेक वेळा हिरवट पडतं. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, म्हणून ते स्वयंपाकाच्या कढईत भाजायचं नाही. नव्याने घ्यायचं असेल तर नारिंगीच घ्या. जेल दोन दिवसांत रंग बदलत असेल तर दोष जेलचा नसतो. डब्याचं झाकण तरी नीट बसत नसतं, नाहीतर कॅमेऱ्याबरोबर ओलसर बॅग किंवा चामड्याची पिशवीही डब्यात गेलेली असते. चामडं हे बुरशीचं माहेरघर. डांबराच्या गोळ्या डब्यात टाकू नका, त्यांची वाफ काचेवर थर धरते.

एसी गाडीतून थेट कोकणच्या हवेत कॅमेरा काढला की काचेवर बाष्प धरतं, ते याच संकटाचं धाकटं भावंड. उतरण्यापूर्वी कॅमेरा पिशवीत बंद करा आणि २०-३० मिनिटं तसाच राहू द्या. आठवड्यातून एकदा सगळ्या लेन्स बाहेर काढून वापरल्या, तर निम्मी काळजी तिथेच मिटते.

५५-२५० ची झूम आणि ५० मिमी एफ/१.८ अशा दोन लेन्स आहेत. किडे, मुंग्या, फुलांचे परागकण टिपायचे आहेत. मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स सध्या परवडणार नाही. एक्स्टेन्शन ट्यूब घेऊ की क्लोज-अप फिल्टर? (कोल्हापूर)

झूम हाताशी आहे, तेव्हा फिल्टर, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारं भिंग. मात्र +४ चा आणि दोन काचा जोडून केलेला घ्या. चार-चारच्या संचात मिळणाऱ्या एका काचेच्या फिल्टरने कडा जांभळ्या-हिरव्या होतात आणि चित्र कोपऱ्यांत विरघळल्यासारखं दिसतं.

हिशेब सोपा आहे. फिल्टरच्या आकड्याने १००० ला भागलं की त्याचं मिलिमीटरमधलं केंद्रांतर (फोकल लेंग्थ) येतं. +४ म्हणजे २५० मिमी. झूम २५० वर आणि फोकस अनंतावर ठेवला की २५० भागिले २५०, म्हणजे १:१. एक सेंटिमीटरचा किडा सेन्सरवरही एक सेंटिमीटरचा पडतो आणि तुम्ही त्याच्यापासून २५ सेंटिमीटर लांब असता. चतुर, नाकतोडे एवढं अंतर सहन करतात. +१० चा फिल्टर जास्त मोठं दाखवतो, पण १० सेंटिमीटरवर जावं लागतं आणि तोवर चतुर उडालेला असतो.

ट्यूब म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी, तिचा हिशेब वेगळा. ट्यूबची लांबी भागिले लेन्सचं केंद्रांतर. बाजारातल्या संचात साधारण १२, २० आणि ३६ मिमीच्या तीन ट्यूब असतात. तिन्ही ५० मिमीच्या लेन्समागे लावल्या तर ६८ भागिले ५०, म्हणजे १.३ पटीहून अधिक. फुलाच्या परागकोशांसाठी हे उत्तम. पण वस्तू लेन्सच्या तोंडापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर येते, लेन्सची सावली पडते आणि किडा थांबत नाही. त्याच ट्यूब १८-५५ च्या झूममागे लावून १८ वर फिरवल्या तर कशावरच फोकस बसत नाही, कारण फोकसची जागा लेन्सच्या आतच जाते. लोक मग ट्यूब खराब निघाली म्हणून परत करतात. ट्यूब घेतलीच तर विद्युत-संपर्काचे पिवळे टिपके असलेली घ्या, नाहीतर आजच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यातून बदलता येत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ट्यूब लावून १:१ ला एफ/८ ठेवलं (एफचा आकडा जितका मोठा, तितकं भोक बारीक) तर प्रत्यक्षात ते एफ/१६ सारखं वागतं. उजेड एक चतुर्थांश होतो, फोकसची खोलीही (पुढून मागे किती भाग स्पष्ट येतो ते) एफ/१६ इतकी मिळते. फिल्टर लावून झूम अनंतावर असेल तर एफ/८ हे एफ/८ च राहतं. म्हणून फिल्टरवर तेवढीच खोली हवी तर एफ/१६ ठेवावं लागतं. ‘फिल्टरने उजेड कमी होत नाही’ ही जाहिरात खरी, पण त्यातून पदरात फार काही पडत नाही. एवढं करूनही छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर खोली मिळते अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. मुंगीचा डोळा फोकसमध्ये असेल तर तिचं पोट नसतं.

ऑटोफोकस बंद करा. अंदाजे फोकस लावून ठेवा, कोपरं छातीशी टेकवा आणि अंगच किंचित पुढे-मागे डोलवत चार-पाच फोटो सलग घ्या. फ्लॅशसाठी आयएसओ २००, शटर १/२००, एफ/१६, फ्लॅश मॅन्युअलवर १/८ ताकदीपासून सुरू करा. फ्लॅशपुढे टीव्हीच्या खोक्यात येणाऱ्या पांढऱ्या फोमचा तळहाताएवढा तुकडा, लेन्सच्या तोंडापर्यंत वाकवून. तो नसेल तर भुंग्याच्या पाठीवर एक पांढरा डाग येतो आणि रंग मरतो. पार्श्वभूमी काळीकुट्ट आली तर किड्यामागे वीतभर अंतरावर एखादं पान येईल असा कोन शोधा.

फोनमध्ये वेगळा मॅक्रो कॅमेरा आहे, तरी फोटो धुरकट का येतात?

स्वस्त फोनमधला हा कॅमेरा बहुधा २ मेगापिक्सेलचा असतो आणि त्याचा फोकस साधारण चार सेंटिमीटरवर कायमचा बसवलेला असतो. त्याच्या पुढे-मागे सगळंच धुरकट. तो विसरा. मुख्य कॅमेरा २x वर घ्या, १०-१२ सेंटिमीटरवरून काढा, बोट दाबून ठेवून फोकस कुलूपबंद करा. नंतर चौकट कापा.

गॅलरीतल्या कढीपत्त्यावर हिरव्या अळ्या आल्यात. फुलपाखरू बाहेर येतानाचा फोटो मिळेल का? सगळी पानं खाऊन टाकताहेत, तेही आहेच. (डोंबिवली)

पानं पुन्हा येतात. फोटो नक्की मिळेल आणि आमच्या मते घरबसल्या मिळणाऱ्या फोटोंत याहून मोठी मौज नाही.

कढीपत्ता, लिंबू यांवर बहुतेक करून लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉन या दोघांच्या अळ्या असतात. आधीच्या चार अवस्थांत त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या तपकिरी-पांढऱ्या दिसतात. हिरवी झाली म्हणजे शेवटची, पाचवी अवस्था. काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून दुबेळकं मऊ शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. एकदाच करा आणि शटर १/५०० ठेवा, ते शिंग क्षणात आत जातं.

खाणं थांबवून अळीने पातळ शी केली आणि ती भटकू लागली की कोष जवळ आला. झाड सोडून ती कठड्याखाली, कपडे वाळत घालायच्या दांडीवरही जाते. फोटो हवा असेल तर त्याआधीच कुंडीत दोन-तीन वाळक्या काटक्या उभ्या खोचा. कोष शेपटीकडून चिकटलेला असतो आणि कमरेला रेशमाचा दोरा असतो. तो सोलून दुसरीकडे लावायचा नाही. हलवायचाच असेल तर काटकीसकट कापा आणि बाटलीत तशीच उभी ठेवा.

उन्हाळा-पावसाळ्यात कोष साधारण ८ ते १० दिवसांत फुटतो. आदल्या दिवशी तो गडद होतो आणि कवचातून पंखांचे ठिपके दिसू लागतात. ती खूण दिसली की रात्रीच मांडणी करून ठेवा, कारण फुलपाखरू बहुधा सकाळी बाहेर पडतं आणि पडायला मिनिटभरच लागतं. चहा ठेवायला गेलात की संपलं. उजेड खिडकीतून एका बाजूने येऊ द्या, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरा. मागे दोन फुटांवर फिकट हिरवा किंवा राखाडी कार्डबोर्ड. कॅमेरा ट्रायपॉडवर, फोकस मॅन्युअल, एफ/८, आयएसओ ४०० ते ८००. फोनवर टाइमलॅप्स लावणार असाल तर चार्जर जोडलेला राहू द्या.

सगळ्यात जास्त चुकते ती चौकट. तीन सेंटिमीटरचा कोष पाहून चौकट त्याच्याभोवती घट्ट लावली जाते. बाहेर आलेलं फुलपाखरू पंख खाली सोडायला जागा शोधत वर चढतं आणि चौकटीबाहेर जातं. वर आणि खाली दहा-दहा सेंटिमीटर मोकळे सोडा. चुरगळलेले पंख पूर्ण पसरायला १५-२० मिनिटं आणि ताठ व्हायला तासभर तरी लागतो. या काळात पंखा बंद, फुंकर नाही, बोट नाही. पंख वाळण्याआधी ते पडलं तर पंख वाकडे होतात ते कायमचे.

कोष तपकिरी पडून कडक झाला आणि त्यावर टाचणीएवढं भोक दिसलं, तर आतलं फुलपाखरू परजीवी गांधीलमाशांनी संपवलं आहे. तुमचं काही चुकलेलं नाही. त्या बारक्या माशा बाहेर पडतानाचा फोटोही घेण्यासारखा असतो.

खिडकीजवळच्या वेलीत बुलबुलने घरटं केलंय. पिल्लांचे फोटो कसे घ्यावे?

खोलीतला दिवा बंद, पडदा ओढलेला, फटीतून लेन्स, फ्लॅश नाही. घरटं नीट दिसावं म्हणून एकही पान कापायचं नाही, त्याच पानांमुळे ते कावळ्याला दिसत नाही. पक्षी दहा मिनिटांत परतला नाही तर उठून जा. पिल्लांना पिसं फुटल्यावर जवळ गेलात तर ती घाबरून वेळेआधीच बाहेर उड्या टाकतात.

तळ्यावरचा बगळा नेहमी पांढरा फटक येतो, पिसं दिसतच नाहीत. कुणी म्हणतं एक्स्पोजर +१ कर, कुणी म्हणतं -१. खरं काय? (सोलापूर)

दोघंही बरोबर आहेत, बगळा चौकटीत किती मोठा आहे ते विचारायला विसरले. कॅमेरा जे दिसेल ते सरासरी राखाडी समजून मोजतो. बगळ्याने जवळजवळ सगळी चौकट भरली तर कॅमेरा त्याला मळकट करून टाकतो, तिथे +२/३ ते +१ (+१ म्हणजे दुप्पट उजेड, -१ म्हणजे निम्मा). बगळा लहान आणि मागे गडद पाणी किंवा झाडी असेल तर कॅमेरा पाण्यासाठी उजेड वाढवतो आणि बगळा जळतो, म्हणजे पिसांचा तपशील जाऊन पांढरा फटक होतो, तिथे -१ किंवा त्याहूनही कमी. तुमचं प्रकरण या दुसऱ्या प्रकारातलं दिसतंय.

पक्षी हलत राहिला की मागची पार्श्वभूमी बदलते आणि मोजमापही बदलतं. त्यामुळे बगळ्यांसाठी मॅन्युअल मोडच बरा. स्वच्छ सकाळच्या उन्हात आयएसओ ४००, एफ/८, १/१६०० ने सुरू करा आणि जळालेला भाग लुकलुकून दाखवणारी सूचना चालू करा. पाठीवर लुकलुक दिसली तर शटर १/२००० करा. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) घ्या. काळवंडलेलं पाणी नंतर उजळता येतं, जळालेलं पीस परत आणता येत नाही. ऊन कडक झाल्यावर, साधारण साडेनऊनंतर, बगळा सोडून पाणकावळ्याकडे वळा. काळ्या पिसांतले हिरवट-तांबूस रंग त्याच उन्हात उठून दिसतात, आणि त्याला मात्र बगळ्याच्या मापापेक्षा +१ लागेल.