चिखलात लोळणारा लेप मासा सरड्यासारखा रंग बदलतो का?

तुम्ही ऐकलंय ते बहुधा लेपाच्या चुलत्यांबद्दल. १९९६ साली मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी कॅरिबियन समुद्रातल्या 'बोथस' नावाच्या चपट्या माशांखाली वेगवेगळ्या नक्षीचे तळ ठेवले, तर मासे २ ते ८ सेकंदांत तळाशी जुळले. हे डोळ्यांवर चालतं. तळ दिसला नाही, तर रंग जुळत नाही.

आपल्या लेपाची मदार रंगापेक्षा गाळावर. पाठ मातकट असतेच. वर परांची एक लहर मारून तो अंगावर वाळू ओढून घेतो आणि फक्त डोळे बाहेर ठेवतो. आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना गुडघाभर पाण्यात पायाखालून काहीतरी सळकन निसटतं, तेव्हा कळतं की इथे लेप होता.

पण 'चिखलात लोळणारा' हे तुम्ही लिहायला नको होतं. माझं माहेर रापणकरांचं. लग्नानंतर पहिल्यांदा मी सासरी लेप तळले, तर सासरचे एक मामा ताट सरकवून म्हणाले, "चिखलातलो मासो, चिखलच खाता." पंगतीत सगळे गप्प. मी आत गेले, सोलायचे राहिलेले दोन लेप घेतले, मागच्या अंगणात पाटावर त्यांचं पोट फाडलं आणि मामांना हाक मारली. आत बारीक कोळंबीसारखे जीव होते, किडे होते, एक इवलासा शिंपला होता. चिखल खाणाऱ्याच्या पोटात हे कुठून येणार? मामांनी पाहिलं आणि काही न बोलता चपला घातल्या. त्यांनी आजवर लेप खाल्लेला नाही, आणि मीही त्यांच्यासाठी दुसरं काही तळलेलं नाही.

लेपाचं तोंड हातात घेऊन बघा. ते वाकडं असतं, आणि दात डोळ्यांच्या बाजूला नसून खालच्या, पांढऱ्या बाजूला असतात. गाळातलं भक्ष्य टिपायला ते तिथेच हवेत. पिल्लू असताना त्याचे डोळे इतर माशांसारखे दोन्हीकडे एकेक असतात. वाढताना उजवा डोळा सरकून डावीकडे येतो, मग मासा उजव्या कुशीवर पडतो आणि ती कूस पांढरी राहते. दबून चपटा झालाय, अर्धा कापलाय, असलं बोलणाऱ्यांना हे सांगा. जन्मभर कुशीवर पडून शिकार करणाऱ्याला आळशी म्हणणं मला सहन होत नाही.

तेव्हा तुमच्या घरात कुणी नाक मुरडत असेल, तर बाजारातून ताजा लेप आणा आणि त्यांच्यासमोरच साफ करा. वाद घालत बसू नका.

मात्र बाजारातल्या लेपावरून त्याचा रंग ठरवू नका, मेल्यावर तो उतरतो. गटार मिळतं त्या खाडीतला लेप मीही घेत नाही. आणि हे सगळं लेपाचं. भाकस हा दुसरा चपटा मासा, त्याचं वेगळं आहे: काही भाकसांचे दोन्ही डोळे डावीकडे असतात, तर काहींचे उजवीकडे.