मीटिंगमध्ये टीममधलं कोणीच नवीन आयडिया मांडत नाही. बक्षीस ठेवलं तर बोलतील का?

तुम्ही लिहिलंय की दर आठवड्याच्या मीटिंगमध्ये तुम्ही "कोणाला काही सुचतंय का?" असं विचारता आणि सगळे वहीत बघत बसतात, म्हणजे टीममध्ये बहुधा क्रिएटिव्ह माणसंच नाहीत. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले, कारण माझ्या आधीच्या मॅनेजरच्या तोंडून हेच इतक्यांदा ऐकलंय की आता कोणीही म्हटलं तरी डोकं फिरतं.

स्पष्ट बोलते, राग मानू नका. लोकांना सुचतं. रोज तेच काम करणाऱ्याला त्यात कुठे अडतंय आणि ते कशाने सुटेल हे तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं. हेच लोक लिफ्टपाशी उभे राहून धडाधड बोलतात आणि मीटिंगच्या खोलीत शिरले की गप्प, म्हणजे त्या खोलीत आधी काहीतरी घडलेलं असतं. काय घडतं ते मी जवळून बघितलंय.

मी तेव्हा मशीनचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीत रिटर्न्सचं काम बघायचे. परत आलेला माल उघडायचा, का परत आला ते लिहायचं, सिस्टीममध्ये टाकायचं. त्यात एका ब्रॅकेटने नुसता उच्छाद मांडला होता. डाव्या बाजूचा आणि उजव्या बाजूचा, दोन्ही दिसायला सारखे, पार्ट नंबरचा फक्त शेवटचा आकडा वेगळा, बॉक्सही एकाच मापाचे. पॅकिंगवाले घाईत डाव्याच्या जागी उजवा टाकायचे, गिऱ्हाईक वैतागून परत पाठवायचं, आम्ही माफी मागून दुसरा पाठवायचो, आणि हे वर्षानुवर्षं चाललेलं. मॅनेजरांचा उपाय एकच, भिंतीवर पाटी, 'नंबर नीट वाचा'.

पॅकिंगला एक ताई होत्या, वयाने आमच्या सगळ्यांत मोठ्या. मीटिंगला यायच्या पण बोलायच्या नाहीत. एकदा या रिटर्न्सवरून आरडाओरडा चालू होता तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "साहेब, एवढ्या घाईत नंबर कोण वाचतंय, हात सवयीनं उचलतो. डाव्याच्या बॉक्सवर आडवी पिवळी पट्टी मारा, उजव्याला मारू नका. मी माझ्या रॅकला मारलीय, माझ्याकडून अदलाबदल होत नाही आता." आणि ते खरं होतं. स्लिपवर पॅकरचा कोड असायचा, परतीचे सगळे कागद माझ्या हाताखालून जायचे, ताईंच्या टेबलावरून गेलेला तो ब्रॅकेट परत येणं जवळपास थांबलं होतं हे मी स्वतः बघितलं होतं.

आता पुढचं नीट वाचा, कारण बहुतेक ऑफिसात नेमकं हेच होतं. मॅनेजर खूश झाले, मनापासून झाले, त्यात खोटं काही नव्हतं. म्हणाले, "व्हेरी गुड! ताई, आता हे तुम्हीच लीड करा. सगळ्या गोदामासाठी करायचं. शुक्रवारपर्यंत प्लॅन मेल करा."

झालं, तिथेच तो विषय मेला.

प्लॅन म्हणजे नक्की काय पाठवायचं हे ताईंना कळेना, एक्सेल त्यांनी कधी उघडलं नव्हतं, ती फाइल मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या शेजारी बसून केली. मग पट्टीचे रोल हवेत तर स्टोअर म्हणालं परचेसची मंजुरी आणा, परचेस म्हणालं आधी कोटेशन आणा, कोटेशन आणलं तर म्हणाले हे या बजेटमध्ये बसत नाही, तुमच्या साहेबांची सही आणा, आणि साहेब म्हणाले सगळं एकत्र करून आणा मग बघतो. हे सगळं करायचं कोणी, तर जिचं रोजचं पॅकिंगचं टार्गेट एका बॉक्सनेही कमी केलेलं नाही तिने. वर दर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर, "काय ताई, तुमच्या प्रोजेक्टचं काय झालं?" आणि ताई मान खाली घालून "चालू आहे साहेब". टार्गेट चुकायला लागलं तेव्हा सुपरवायझर बोलला ते वेगळंच. वर्षाच्या रिव्ह्यूत त्यांच्या कागदावर 'नेमून दिलेल्या कामावर लक्ष कमी' असा शेरा आला. कागद इंग्रजीत होता म्हणून त्यांनी मला वाचून दाखवायला सांगितला, आणि तो मला त्यांच्या तोंडावर वाचावा लागला.

नंतर एकदा बघितलं तर ताई आपल्या रॅकवरची पट्टी नखाने खरवडून काढत होत्या. म्हटलं अहो ताई, ही कशाला काढताय, ही तर उपयोगाची आहे. तर म्हणाल्या, "नको गं बाई, परत कोणी विचारायला नको." पट्टी निघाली पण गोंद तसाच राहिला आणि त्यावर धूळ बसून काळी रेघ झाली.

अख्ख्या डिपार्टमेंटने हा प्रकार पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. त्यानंतर कोण तोंड उघडणार? आयडिया चोरून स्वतःच्या नावावर खपवणारे बॉस वाईटच, त्यांच्याबद्दल सगळे बोलतात, पण माझ्या मते हा 'वा वा, मग तूच कर' प्रकार जास्त वाईट आहे, कारण तो कौतुकासारखा दिसतो, त्यामुळे करणाऱ्याला आपण कोणाला शिक्षा केली हे कळतच नाही. जो बोलेल त्याच्याच गळ्यात पडतं हे एकदा टीमला कळलं की शहाणी माणसं बोलायचं बंद करतात. त्यात त्यांचं काय चुकलं?

मग आमच्याकडे ब्रेनस्टॉर्मिंग आलं, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून सुचेल ते मांडायचं. बाहेरून ट्रेनर बोलावला, रंगीत चिठ्ठ्या वाटल्या, "कुठलीही आयडिया वाईट नसते, मनमोकळं लिहा". लोकांनी काय लिहिलं? टीमवर्क वाढवावं. कम्युनिकेशन सुधारावं. पंखे नीट चालावेत. म्हणजे जे लिहिल्यावर कोणीही 'मग तूच कर' म्हणू शकणार नाही असंच सगळं. ताईंनी कोरी चिठ्ठी दिली. मॅनेजर बाहेर येऊन मला म्हणाले, "बघितलंस? क्रिएटिव्हिटीच नाहीये यांच्यात." मी तिथल्या तिथे म्हटलं, सर, ताईंचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. तर त्यांचं उत्तर, "मग ओनरशिप नको का घ्यायला? आयडिया द्यायला काय जातंय, करून दाखवा की."

हा वाद आमच्यात शेवटपर्यंत मिटला नाही. 'आयडिया द्यायला काय जातं' हे ज्याच्या हातात सही, बजेट आणि माणसं असतात त्यालाच वाटू शकतं. ताईंकडे यातलं काय होतं? एक रॅक आणि एक पट्टी, तेवढ्यात त्यांनी करून दाखवलंच होतं. पुढचं काम साहेबांचं होतं.

मॅनेजरना टोयोटाचं भारी कौतुक, प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये कायझेनची, म्हणजे कामात सतत छोट्याछोट्या सुधारणा करत राहायच्या त्यांच्या पद्धतीची, एक स्लाइड ठरलेली. आता टोयोटात काय करतात ते बघा. लाइनवर कामगाराला काही गडबड दिसली की तो अँडनची, म्हणजे मदतीला बोलवायची दोरी ओढतो, कुठे बटण दाबतो. दोरी ओढल्यावर टीम लीडर धावत त्याच्याकडे येतो, दोघं मिळून बघतात, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत नाही सुटलं तर लाइन थांबते. दोरी ओढणाऱ्याला कोणी म्हणत नाही की छान, आता तू एकटा दुरुस्त कर आणि तुझ्या गाड्याही वेळेत दे. कामगारांच्या सूचना घ्यायची त्यांची पद्धत १९५१ पासून चालू आहे, फोर्डकडे बघून आणलेली, आणि ती टिकली कारण सूचना लिहून दिली की सुपरवायझरने ती वाचायची, उत्तर द्यायचं, राबवायला मदत करायची हे त्याचं कामच धरलं जातं. आमच्याकडे स्लाइड तेवढी आली.

आणि एखाद्याला स्वतःची आयडिया स्वतःच करायची असेल तर जरूर करू द्या, पण वेळ द्या. थ्रीएम या अमेरिकी कंपनीत १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवायची मुभा १९४८ पासून आहे. ते चिकटवायच्या पिवळ्या चिठ्ठ्यांचं प्रकरण त्याच कंपनीतलं, स्पेन्सर सिल्व्हरला तो अर्धवट चिकटणारा गोंद १९६८ मध्ये सापडला, आर्ट फ्रायला त्याचा उपयोग सुचला १९७४ मध्ये, आणि माल अमेरिकाभर विकायला आला १९८० मध्ये. बारा वर्षं! आमच्या ताईंना शुक्रवारपर्यंत प्लॅन द्यायचा होता. आणि त्या ट्रेनरने वाटलेल्या चिठ्ठ्या त्याच होत्या.

ब्रेनस्टॉर्मिंगबद्दलही सांगून टाकते, कारण तुम्ही पुढच्या महिन्यात तसं सेशन ठेवायचं म्हणताय. ही पद्धत ॲलेक्स ऑस्बॉर्न नावाच्या जाहिरात कंपनीतल्या माणसाने १९४०च्या दशकात रुजवली, त्याचं म्हणणं असं की गटात बसून माणसाला एकट्यापेक्षा खूप जास्त सुचतं. १९५८ मध्ये येल विद्यापीठात हे तपासलं तर उलटंच निघालं, तेवढीच माणसं वेगवेगळी बसवून त्यांच्या आयडिया एकत्र केल्या तर जास्त आणि चांगल्या निघाल्या. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या दोन मानसशास्त्रज्ञांनी कारण शोधलं, मोठं कारण अगदी साधं, एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबता थांबता डोक्यातलं निघून जातं. तेव्हा आधी प्रत्येकाने गप्प बसून लिहायचं, मग बोलायचं. सेशन ठेवायचंच असेल तर एवढं करा, ट्रेनरचे पैसे वाचतील.

आता माझी स्वतःची टीम आहे, आणि माझ्या मीटिंगमध्ये लोक बोलतात, हे मी अभिमानाने सांगते. प्रश्न आदल्या दिवशीच पाठवते आणि तोही नेमका. 'काही सुचतंय का' असं मोघम विचारलं की मोघमच उत्तर येतं, 'परतीचा माल उघडताना सगळ्यात जास्त वेळ कशात जातो' असं विचारलं की लोकांना बोलता येतं. सगळ्यात नवीन माणूस आधी बोलतो, मी शेवटी, कारण मी तोंड उघडलं की बाकीचे माझ्याच सुरात बोलायला लागतात. आणि जे बोललं जाईल ते बोलणाऱ्याच्या नावासकट मी वहीत लिहिते आणि पुढच्या मीटिंगच्या सुरुवातीला प्रत्येकाचं उत्तर देते. करतोय, करत नाही, करत नसू तर का नाही. 'बघू' हे उत्तर चालत नाही. मागे एका मुलाने परतीच्या फॉर्मवरचे चार रकाने काढून टाकायला सांगितले, मी तिघांना विचारलं, त्यातले दोन ऑडिटला लागतात म्हणून ठेवले आणि दोन काढले, त्याला ते रकाने दाखवून सांगितलं. पुढच्या आठवड्यात तो दुसरं काहीतरी घेऊन आला. नकार पचतो हो माणसाला, उत्तरच न मिळणं पचत नाही.

आणि सगळ्यात मोठा नियम, आयडिया ज्याची, काम त्याच्याच डोक्यावर असं नाही. मी विचारते, तुला करायचंय का? हो म्हणाला तर त्याचं दुसरं कुठलं काम काढून कोणाला देणार ते त्याच मीटिंगमध्ये ठरतं. नाही म्हणाला तर मी दुसऱ्याला देते, नाव मात्र त्याचंच राहतं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. तुमच्याकडे कपात चालू असेल, लोकांना नोकरीचीच धास्ती असेल तर यातलं काहीही चालणार नाही, आधी ती भीती बघा. एमी एडमंडसन या संशोधिकेचा १९९६चा हॉस्पिटलमधला अभ्यास आहे, ज्या टीम चांगल्या चालवलेल्या होत्या तिथे औषधांच्या चुका जास्त नोंदवलेल्या दिसल्या, कारण तिथे लोक चूक झाली हे सांगायला घाबरत नव्हते. आयडियांचं तेच असतं, जिथे माणूस 'हे बिघडलंय' म्हणू शकत नाही तिथे 'हे असं करूया' कुठून म्हणणार. दुसरं, तीनचार जणांच्या टीममध्ये काम दुसऱ्याला द्यायला माणूसच नसतो, तिथे मग ते तुम्हाला स्वतःला उचलावं लागेल. आणि काही लोक खरंच मीटिंगमध्ये बोलत नाहीत, स्वभाव असतो, त्यांना नंतर एकटं गाठून विचारा, सगळ्यांसमोर "तू बोल ना" करू नका.

बक्षिसाचं विचारलंत. ठेवा, वाईट नाही, पण छोटं ठेवा आणि ज्यांची आयडिया जमली नाही त्यांनाही द्या. मोठी रक्कम ठेवलीत तर लोक आयडिया लपवायला लागतात आणि ती मुळात कोणाला सुचली यावरून भांडणं होतात. गप्प बसलेली माणसं त्याने बोलतील असं मला वाटत नाही. ताईंना बक्षीस नको होतं, पट्टीचे रोल हवे होते.

ते मॅनेजर आता दुसरीकडे आहेत, अधूनमधून फोन असतो, परवाही म्हणत होते की हल्ली विचार करणारी माणसंच मिळत नाहीत. त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. मीटिंगचं सेशनबिशन ठरवण्याआधी एक कागद घ्या, गेल्या वर्षभरात टीममधलं कोण कोण काय काय बोललं होतं ते आठवून लिहा, समोर त्याला काय उत्तर दिलंत ते लिहा, आणि ज्याला 'तूच कर' म्हणालात त्याचं कोणतं काम कमी केलंत ते तिसऱ्या रकान्यात लिहा. तिसरा रकाना कोरा असेल तर आधी त्या माणसाकडे जा, त्याचं अडकलेलं काम तुम्ही हातात घ्या, आणि पुढच्या मीटिंगमध्ये काही न विचारता फक्त ते काम कुठवर आलं ते सगळ्यांना सांगा. त्या मॅनेजरनी अजून केलेलं नाही. तुम्ही केलंत तर काय झालं ते खाली लिहा, मला खरंच वाचायचंय.