पाचशे तासांची एक्सेल शीट

"ताई, नक्की किती तास लागतात हो?"

हा प्रश्न मला फोनवर विचारला गेलाय, मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत विचारला गेलाय, ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात मेथीची जुडी हातात असताना पण विचारला गेलाय. मी न्यू जर्सीत समुपदेशन करते, बरीचशी आपलीच मराठी कुटुंबं येतात, आणि दर वर्षी चार-पाच घरं तरी अशी असतात की मूल कॉलेजात प्रीमेड आहे, म्हणजे पुढे मेडिकलला जायची तयारी करतंय, मार्क चांगले आहेत, पण 'क्लिनिकल एक्सपिरिअन्स', म्हणजे पेशंटजवळ काम केल्याचा अनुभव, ह्या दोन शब्दांनी सगळ्यांची झोप उडालीये. कोणी सांगतं शंभर तास पुरे, कोणी म्हणतं हजाराच्या खाली विचारत पण नाहीत. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. खालची गोष्ट एका मुलीची आहे, परवानगी घेतलीये, ओळख पटेल असं सगळं बदललंय. तिला ईशा म्हणू.

भारतात राहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. इथे बारावी झाली की मेडिकल असं नसतं. आधी चार वर्षांची डिग्री, त्यात ठरावीक सायन्सचे विषय, एमकॅट नावाची परीक्षा, मग अर्ज, आणि मग चार वर्षांचं एमडी. अर्जात मार्कांशिवाय तुम्ही काय काय केलंत ते लिहायला १५ जागा असतात, प्रत्येकात ७०० अक्षरं, शेजारी तास किती आणि खात्री करायला कोणाला विचारायचं त्याचं नाव. त्यातले जास्तीत जास्त ३ अनुभव 'सगळ्यात अर्थपूर्ण' म्हणून निवडायचे, त्यांना अजून १३२५ अक्षरं मिळतात. आपल्या आईबाबांना हे झेपतच नाही. ईशाचे बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले, "आमच्या वेळी बारावीचे मार्क बघायचे, विषय संपला. डॉक्टर व्हायच्या आधीच दवाखान्यात काम केलेलं दाखवा म्हणजे काय, लग्नाआधी संसाराचा अनुभव मागितल्यासारखं आहे हे!"

मला हसू आलं. ईशाला नाही आलं.

ती ज्युनियर इयरला, म्हणजे कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला. झोप नाही, केस गळतायत, ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या पेपरला हात थरथरले. आल्या आल्या मला काय म्हणायचं ह्यावर अडली, मग "मावशी चालेल?" म्हणाली आणि लगेच लॅपटॉप उघडला. एक्सेल शीट. तारीख, जागा, तास, एकूण. वर लाल अक्षरात टार्गेट ५००. तेव्हा एकूण होते १३२, एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात दर शनिवारी चार तास व्हॉलंटियर. अर्ज मे महिन्यात उघडतात, पाठवता येतात मेच्या शेवटाला, आणि जितका उशीर तितक्या जागा कमी होत जातात, त्यामुळे तिच्या डोक्यात घड्याळ टिकटिक करत होतं.

"पाचशे झालेच पाहिजेत," असं ती पहिल्या सेशनमध्ये सात वेळा म्हणाली. मी मोजलं. मी अल्बर्ट एलिस ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी, माणसाला घटनेपेक्षा घटनेबद्दलचा त्याचा हट्ट जास्त छळतो हे तो १९५५ पासून सांगत होता, आणि आपल्या मराठीत तर हा हट्ट पकडणं फार सोपं आहे, एका 'च' मध्ये मावतो तो. झालेच पाहिजेत, मिळालंच पाहिजे. इंग्रजीत बोलणाऱ्या क्लायंटबरोबर जे शोधायला मला दोन सेशन लागतात ते मराठीत दहा मिनिटांत ऐकू येतं.

पण इथे मी चुकले, कबूल करते. मला 'च' सापडला म्हणून मी खूश, आणि पुढचे दोन सेशन तो सैल करण्यात घालवले. पाचशे नाही झाले तर काय होईल, कुठल्या कॉलेजने हा आकडा लेखी दिलाय (बहुतेक कॉलेजं असा आकडा देतच नाहीत), वेळापत्रक कसं बसवायचं वगैरे. तिने सगळं मान हलवून ऐकलं. झोप तशीच.

दरम्यान आईने तोडगा काढला. मामाचं तिकडे महाराष्ट्रात नर्सिंग होम आहे, उन्हाळ्यात दोन महिने पाठवते, मामा ऑपरेशन थिएटरमध्ये उभी करेल, टाके पण घालू देईल, एका झटक्यात तीनशे तास. हा तोडगा मी किमान सहा घरांत ऐकलाय आणि प्रत्येक घराला वाटतं आपल्यालाच सुचलाय. मामाकडे जाऊन बघायला काहीच हरकत नाही, पण टाके? इंजेक्शन? इथे जे काम करायची तुम्हाला परवानगी नाही ते तिकडच्या गरीब पेशंटवर केलंत, तर अर्जात ते कौतुक म्हणून वाचलं जात नाही, उलट ह्या मुलीला आपली मर्यादा कळत नाही असं वाचलं जातं. मेडिकल कॉलेजांची इथली जी संघटना आहे, एएएमसी, तिने परदेशात जाणाऱ्या विद्यार्थ्यांना हे बजावलेलं आहे. मी आईला एवढंच विचारलं, "वहिनी, ज्याला टाके पडणार त्याला कोणी विचारलंय का?" त्या गप्प झाल्या. विषय तिथेच मिटला.

चौथ्या सेशनला मी शीटकडे बघत होते आणि सहज, खरंच सहज म्हणाले, "हिच्यात अजून एक कॉलम टाकू या. त्या दिवशी कोण भेटलं?"

"म्हणजे स्टाफ?"

"नाही गं, पेशंट. नाव नकोच, नाव लिहायचंही नाही. पण माणूस कोण होता?"

तिने वरून खाली स्क्रोल केलं. परत वर गेली. छत्तीस शनिवार. दोन-तीन मिनिटं गेली असतील, रूममध्ये फक्त ट्रॅकपॅडचा आवाज. समुपदेशकाने अशा वेळी तोंड बंद ठेवायचं असतं, हे मला शिकायला दहा वर्षं लागली.

"एक होता," शेवटी म्हणाली. "एक आजोबा. कॉरिडॉरमध्ये बेडवर होते, ओठ एकदम फाटलेले. पाणी मागत होते. मी नर्सला विचारलं तर ती म्हणाली सर्जरी आहे, काहीही द्यायचं नाही, बर्फ पण नाही. मग मी त्यांना सांगायला गेले की देता येणार नाही. त्यांनी माझ्या जॅकेटची बाही धरली. मी म्हटलं, आलेच हं दोन मिनिटांत."

"मग?"

"मग मी गेले नाही." थांबली. "सप्लाय रूममध्ये ग्लोव्ह्जचे खोके लावत बसले. स्मॉल, मीडियम, लार्ज. शिफ्ट संपेपर्यंत."

"त्या दिवशीचे चार तास शीटमध्ये लिहिलेस?"

"हो."

आणि मग रडली. कधीची साठलेली होती कोण जाणे. मला तेव्हा लख्ख कळलं की गेले तीन आठवडे मी भलत्याच दाराशी उभी होते. पाचशेचा आकडा तिला छळत नव्हता, ती त्या आकड्याच्या मागे लपली होती. छत्तीस शनिवार तिने ब्लँकेटं गरम केली, व्हीलचेअर ढकलल्या, खोके लावले, आणि माणसांपासून जमेल तितकी लांब राहिली. तास वाढत होते आणि खरा प्रश्न तसाच पडून होता. तो तिनेच विचारला, अगदी बारीक आवाजात.

"मावशी, मला आजारी माणसांजवळ थांबताच येत नसेल तर? मग मी डॉक्टर कशाला होतेय?"

आता इथे "छे, तसं काही नाही, तू छानच डॉक्टर होशील" म्हणायचा मोह होतो. नाही म्हटलं. मला तरी काय माहीत?

मी विचारलं, "परत गेली असतीस तर काय केलं असतंस?"

"काहीच नाही करता आलं असतं ना, म्हणूनच नाही गेले. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. पाणी पण नाही."

"पाणी मिळणार नाही हे तू त्यांना सांगितलंच होतंस. मग बाही कशाला धरली असेल?"

खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "थांब म्हणत असतील."

एवढंच. मी दुसरं काही केलं नाही, पण माझ्या वीस वर्षांच्या कामात जी काही मोजकी वाक्यं मी मनात जपून ठेवलीयेत त्यात हे एक आहे.

घरचा अभ्यास दिला. पुढच्या शनिवारी एका पेशंटजवळ पाच मिनिटं रिकाम्या हाताने उभं राहायचं, काही आणायला जायचं नाही. ती गेली. आली ती जरा नाराज. एका आजींनी तिला वीस मिनिटं त्यांच्या मांजराबद्दल सांगितलं म्हणे. "बोअर झालं मावशी, पण पळाले नाही." मला ह्या 'बोअर झालं'चा फार आनंद झाला, कारण ते खरं होतं. त्या रात्री ती सहा तास झोपली.

आता जे मी सगळ्यांना सांगते ते. क्लिनिकल अनुभव म्हणजे कुठला, तर प्रीमेड मुलांमध्येच एक बोलणं आहे, पेशंटचा वास येईल इतकं जवळ असलात तर तो क्लिनिकल. लॅबमध्ये उंदरांवर काम केलंत ते रिसर्च, छान आहे पण हे नाही. डॉक्टरच्या मागे उभं राहून बघणं म्हणजे शॅडोइंग, तेही हवं पण ते वेगळं, तिथे तुम्ही प्रेक्षक असता. हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियर व्हायचं असेल तर टीबीची टेस्ट, लशींची कागदपत्रं, ओरिएंटेशन, गोपनीयतेचं ट्रेनिंग ह्यात काही आठवडे जातात, तेव्हा सेमिस्टर सुरू झाल्यावर जागे होऊ नका. पगारी काम करायचं असेल तर स्क्राइब आहे, डॉक्टर पेशंटशी बोलत असताना नोंदी टाइप करायच्या. नर्सिंग असिस्टंट आहे, अंग पुसणं, कूस बदलणं, बेडपॅन, आणि माझ्या मते चार आठवडे बेडपॅन उचलणाऱ्या मुलाला आपण ह्या कामाचे आहोत की नाही हे जितकं कळतं तितकं कुठल्याच परीक्षेत कळत नाही. ईएमटी आहे, म्हणजे ॲम्ब्युलन्सवर तातडीचे उपचार करणं, न्यू जर्सीत गावोगावी व्हॉलंटियर फर्स्ट एड स्क्वॉड आहेत, मेंबर झालात तर कोर्सचा खर्च बरेचदा राज्याच्या फंडातून निघतो, हे कितीतरी घरांना माहीतच नसतं.

आणि हॉस्पिस. आपले लोक ह्या शब्दाला घाबरतात, शेवटच्या दिवसांतली माणसं, मुलीला कशाला तिथे. पण मेडिकेअरचा, म्हणजे इथल्या वयस्कर लोकांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, नियमच आहे की हॉस्पिसचा पगारी स्टाफ पेशंट सेवेला जेवढे तास देतो त्याच्या निदान ५ टक्के इतके तास व्हॉलंटियर्सनी द्यायला हवेत, त्यामुळे तिथे व्हॉलंटियर खरोखर हवे असतात, आणि काम काय, तर बसायचं. ईशाने तेच निवडलं. मी सुचवलं नव्हतं हं, तिनेच शोधून काढलं, मला शेवटी कळलं.

तासांचं म्हणाल तर एकाच जागी वर्ष-दीड वर्ष आठवड्याला चार तास हे उन्हाळ्यात कोंबलेल्या तीनशेपेक्षा मला जास्त पटतं. मुलांना सांगते, दर शिफ्टनंतर गाडीत बसल्या बसल्या तीन ओळी लिहा, नाव-गाव काही नको, फक्त काय झालं आणि तुम्हाला काय वाटलं. त्या १३२५ अक्षरांसाठी दोन वर्षांनी आठवायला बसलात तर ग्लोव्ह्जचे खोकेच आठवतील. आणि आईबाबांनो, मूल घरी आल्यावर "आज किती तास झाले" विचारू नका. कोण भेटलं ते विचारा.

ह्यातून "नाही, हे माझं काम नाही" असं उत्तर आलं तरी वाईट वाटून घेऊ नका. माझ्याकडच्या एका मुलाला आलं, दोन महिन्यांत, आज तो मजेत अकाउंटिंग करतोय आणि आई अजून माझ्यावर रागावलेली आहे.

ईशाने त्या वर्षी अर्ज केला नाही. एक वर्ष थांबायचं ठरवलं, इथे खूप मुलं थांबतात, पण घरात मात्र वादळ झालं. बाबा एकटे मला भेटायला आले, कोट पण काढला नाही. "ताई, गॅप इयर म्हणजे लोकांना काय सांगायचं? नापास झाली वाटेल."

"सांगा एका क्लिनिकमध्ये स्क्राइबची नोकरी करते आणि रविवारी हॉस्पिसला जाते."

जरा वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "स्क्राइबला देतात किती?"

मी आकडा सांगितला.

"तासाला?" म्हणाले, आणि पहिल्यांदा कोट काढून खुर्चीत नीट बसले.