मॉसने आणलं हिमयुग?

प्रश्न: येऊरला पावसात खडकांवरचं हिरवं मॉस बघून मुलगी म्हणाली, असल्याच झाडांनी म्हणे पृथ्वी गोठवली. खरंय का हो? – एक वाचक, ठाणे

उत्तर: गोठवली म्हणणं जरा जास्तच, पण हातभार लावला असावा. साधारण ४७ कोटी वर्षांपूर्वी मॉससारखी बिनमुळांची झाडं जमिनीवर आली, ती आम्ल सोडून खडक झिजवायची, आणि सिलिकेट खडक (ग्रॅनाइट, बेसॉल्टसारखे) झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड खर्च होतो, वर सुटलेला फॉस्फरस समुद्रात गेला की शैवाल माजतं, मरून तळाशी गाडलं जातं, म्हणजे हवेतला कार्बन आणखी कमी आणि पृथ्वी थंड. २०१२ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी खडकांवर मॉस वाढवून हे तपासलंय. ४४.५ कोटी वर्षांपूर्वी बर्फ पसरला तो चक्क आजच्या सहारावर, तेव्हा सहारा दक्षिण ध्रुवापाशी होता ना!