वाचकांचे प्रश्न : क्रोमच्या ग्रिलवर रंग का टिकत नाही?

प्रश्न : माझी गाडी जुनी असून आम्ही अलिबागजवळ समुद्रकिनारी राहतो. पुढच्या ग्रिलवरील आणि डिकीवरील क्रोमच्या पट्ट्यांवर बारीक ठिपके पडले होते. ग्रिल प्लॅस्टिकचे असल्याने दुकानदाराच्या सांगण्यावरून मी प्लॅस्टिक प्रायमर मारला आणि वर स्प्रेच्या डब्याने चकचकीत काळा रंग दिला. पुढे गाडी धुताना पाण्याच्या फवाऱ्यासरशी त्या रंगाचे लांबच लांब पापुद्रे निघाले. आता सगळे क्रोम काढून टाकून मगच रंग द्यावा काय?

उत्तर : ग्रिल प्लॅस्टिकचे आहे हे खरे, पण रंग ज्याच्यावर बसायचा आहे तो पृष्ठभाग धातूचा आहे, आणि सारा घोटाळा इथेच झाला आहे. असे भाग बहुधा एबीएस या रबराचे कण मिसळलेल्या कठीण प्लॅस्टिकचे असतात. ते तीव्र आम्लाच्या द्रावणात बुडवले की त्यातील रबराचे कण विरघळून सूक्ष्म खळगे तयार होतात, त्या खळग्यांत धातूचा पहिला थर रुजतो आणि मग त्यावर विजेच्या साहाय्याने तांबे, निकेल व सर्वांत शेवटी क्रोम चढवतात. वरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) पातळ असतो. आपण ज्याला क्रोमची चकाकी म्हणतो ती बरीचशी निकेलचीच असते. क्रोम तिला काळवंडू देत नाही, एवढेच. हा थर अतिशय कठीण आणि गुळगुळीत असतो व त्यावर ऑक्साइडचे अदृश्य कवच असते, त्यामुळे रंगाला धरायला काहीच मिळत नाही. प्लॅस्टिक प्रायमर हा मुख्यतः बंपरसारख्या उघड्या प्लॅस्टिकसाठी केलेला असतो. क्रोमवर त्याचा उपयोग नाही.

कामाला हात घालण्यापूर्वी पट्टीवर खरोखरच असा मुलामा आहे की नाही, हे पाहावे. पट्टी स्वच्छ करून मल्टिमीटरची दोन्ही टोके तिच्यावर टेकवावीत. वीज वाहिली तर वर उघडा धातू आहे. न वाहिल्यास बहुधा धातूच्या विरळ थरावर लॅकर (पारदर्शक वार्निश) दिलेले आहे किंवा नुसती चकचकीत फिल्म चिकटवलेली आहे. फिल्म सोलून काढता येते आणि लॅकर हलक्या हाताने घासावे लागते, त्यामुळे पुढील सर्व सूचना पहिल्या प्रकारासाठीच समजाव्यात.

सगळे क्रोम काढण्याच्या फंदात पडू नये. प्लेटिंगच्या कारखान्यांत ते आम्लाने उतरवतात. पण ते काम त्यांच्याच टाक्यांत, धुराची आणि सांडपाण्याची व्यवस्था असलेल्या जागी व्हावे, घराच्या ओट्यावर नव्हे. शिवाय क्रोम गेले तरी खाली निकेल आणि तांबे उरतातच. जिथे मुलामा घट्ट आहे तिथे तो रंगाला उत्तम पाया देतो, तेव्हा खरी पारख करायची ती मुलाम्याच्या पकडीची. ठिपक्यांच्या कडेने नखाने खरवडून पाहावे, चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढावी. नुसते ठिपके असतील तर हरकत नाही. फुगे आले असतील तर सुटलेला धातू पूर्ण काढावा लागतो, आणि त्याची कड पात्यासारखी धारदार असल्याने जाड हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नये. उघड्या पडलेल्या एबीएसवर एनसी थिनर (रंग पातळ करायचे तीव्र द्रावण) मुळीच लावू नये, कारण त्याने प्लॅस्टिक मऊ पडून चिरते. तेथे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. फुगे जागोजागी असतील, तर माझे स्पष्ट मत असे की नवे ग्रिल घ्यावे. सुटत चाललेल्या मुलाम्यावर कितीही चांगला रंग दिला तरी मुलामा रंगासकट निघतो.

भाग गाडीवरून उतरवून साबणाच्या पाण्याने धुवावा आणि वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसावा. हे घासण्याआधीच करायचे, नाहीतर पॉलिशमधले सिलिकॉन पेपरने आणखी पसरते. मग ३२० किंवा ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी घेत घासावे. खाचाखोचांसाठी तपकिरी-लाल स्क्रबर पॅड बरा पडतो. सुरुवातीला पेपर काचेवरून फिरावा तसा नुसता घसरतो, तेव्हा धीर सोडू नये. घासताना रंगाकडे लक्ष ठेवावे : निळसर पांढरी झाक जाऊन किंचित पिवळट छटा आली म्हणजे निकेल लागले, तिथे थांबले तरी चालते; तांबूस दिसू लागले तर हात नक्कीच आवरावा. कोरडे घासू नये, कारण निकेलची धूळ श्वासाला वाईट आणि काहींच्या त्वचेला तिची अ‍ॅलर्जी असते. शेवटी पृष्ठभाग सर्वत्र निस्तेज दिसला पाहिजे आणि ओतलेले पाणी थेंब न होता सलग पसरले पाहिजे. जिथे थेंब गोळा होतात तिथे तेलकटपणा उरला आहे.

प्रायमर मात्र दोन घटकांचा एपॉक्सीच घ्यावा. आम्लयुक्त एचिंग प्रायमर लोखंडावर चांगला चालतो, क्रोम त्याला फारशी दाद देत नाही. एपॉक्सीचे दोन पातळ हात द्यावेत, ठिपक्यांचे खड्डे लांबीने (पुट्टीने) भरून पुन्हा त्यावर प्रायमर घ्यावा, तो डब्यावर लिहिलेल्या वेळेइतका सुकू द्यावा आणि ६०० ते ८०० नंबरच्या पेपरने सपाट करून बेस कोट (मूळ रंगाचा थर) व पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) द्यावा. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते, ज्याच्यापुढे कापडी मास्क निरुपयोगी आहे. हा शेवटचा टप्पा पेंट बूथ असलेल्या गॅरेजमध्ये करून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हे काम काढूच नये, कारण दमट हवेत रंगावर पांढुरकी साय धरते. रंग झाल्यावर काही आठवडे जोरदार फवाऱ्यापासून गाडी दूर ठेवावी.

प्रश्न : ग्रिलच्या मधोमध असलेले कंपनीचे चिन्हही याच पद्धतीने काळे करता येईल का?

उत्तर : गाडीत पुढच्या वाहनापासून अंतर राखणारी यंत्रणा असेल, तर आधी रडार कुठे बसवले आहे ते माहितीपुस्तिकेत पाहावे. अनेक गाड्यांत ते चिन्हाच्या मागेच असते आणि ७६ ते ७७ गिगाहर्ट्झच्या लहरी चिन्हातूनच आरपार जातात. वर सांगितलेल्या धातूच्या सलग मुलाम्यातून त्या जाऊच शकल्या नसत्या, म्हणून असे चिन्ह क्रोमसारखे दिसले तरी वेगळ्या पद्धतीने बनवलेले असते. त्याला पेपर लावू नये आणि रंगही देऊ नये. धातूचे कण असलेला रंग तर नाहीच, कारण त्याने रडारची नजर अधू होते. रडार दुसरीकडे असेल तर चिन्ह रंगवायला हरकत नाही, फक्त प्रायमर आणि रंगाचे हात नेहमीपेक्षा पातळ ठेवावेत, म्हणजे अक्षरांच्या कडा बुजणार नाहीत.